जया काळी का पडली

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय सुभाषराव, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि घोडेगावातल्या माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर तासन्‌तास ताटकळलेल्या माझ्या माणसांनो, माय-भगिनींनो,

मी दवाखाना बंद करते आहे म्हणून तुम्ही हा सत्कार ठेवलात. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, सुभाषरावांनी माझ्या हातगुणाचं भरभरून कौतुक केलं. मी संकोचले आहे. पण खरं सांगू? वैतागलेही आहे. अहो, आत्ता या पायऱ्या चढताना एका पाहुण्यांनी बाही वर करून चट्टा दाखवला. म्हणाले, "बाई, तुमी आता जानार, तेवढी एक ट्यूब लिहून द्या." कधीपासून आहे, दुसरा काही त्रास आहे का, काही सांगणं नाही. नुसती ट्यूब!

कातडी म्हणजे काय भिंतीचा रंग आहे? लेकराची मान काळी पडली की आई दगडानं घासत बसते. बाई गं, तो मळ नाही, त्याची साखर तपास, असं मी सांगते, आणि ती दुसऱ्या दिवशी नवा साबण आणते!

असो. आज मला जयाबद्दल बोलायचं आहे. तिला विचारूनच बोलते आहे.

जया डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातली सून. नवरा गोकुळ पिकअप चालवतो, घरात सासू चिमाबाई. दोनेक वर्षांपूर्वी जया काळवंडायला लागली. घरचे म्हणाले, ऊन लागलं. मग ती वाळत चालली. अन्न जाईना, उलट्या व्हायच्या, भर दुपारी आडवी व्हायची. घरचे म्हणाले, आळशी झाली. तळहातावर मीठ घेऊन चाटायची, त्यावरूनही बोलणी खायची. आणि दिराचं लग्न ठरलं, तेव्हा कुठे तिला माझ्याकडे आणलं. कशासाठी, ठाऊक आहे?

"डॉक्टरीणबाई," चिमाबाई म्हणाल्या, "हिला उजळायचं काय तरी द्या. मेडिकलातली क्रीमं लावून लावून थकलो. लग्नात लोक काय म्हन्तील?"

मी जयाचा तळहात उघडला. रेषा शाईनं ओढल्यासारख्या काळ्या. हिरड्यांवर काळे डाग. आता तुम्हीच सांगा, ऊन तोंडाच्या आत लागतं का? निजवून तिचं ब्लडप्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं, तर ते एवढं घसरलं की तिनं माझ्या टेबलाची कड धरली.

मी गोकुळला म्हटलं, "उद्याच पुण्याला ने. आतल्या ग्रंथी कामातून गेलेल्या दिसतात."

"लगीन व्हऊ द्या, बाई. मंग नेतो."

"लग्न थांबेल रे, ही थांबणार नाही!" मी ओरडले. गोकुळनं मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी तिला नेलं कुठे? मंचरला, ब्यूटी पार्लरमध्ये!

हळदीच्या दिवशी जया चुलीपाशी कोसळली. गोकुळनं पिकअपमध्ये घालून तिला आणलं. हातपाय गार, नाडी लागेना. सलाईन जोरात सोडलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्समध्ये तिच्याशेजारी बसले. मंचर मागे पडल्यावर तिनं डोळे उघडले. समोर गोकुळ रडत होता. "बाई, मला वाटलं, नुसता रंगच गेलाय वो."

मी जयाची नाडी पुन्हा धरली. आता ती लागत होती.

पुण्यात निदान पक्कं झालं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या क्षयानं पोखरल्या होत्या. त्या अशा बंद पडल्या की अंगातलं मीठ निसटतं आणि कातडी काळी पडते. क्षयाचं औषध सुरू झालं, आणि शरीर तगून राहावं म्हणून स्टेरॉइडची गोळी. ही रोज घ्यायची, जन्मभर.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण जया घरी गेली आणि कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, स्टेरॉइड वाईट. झालं! चिमाबाईंनी गोळ्या काढून घेतल्या. जी क्रीमं वर्षभर तोंडाला फासली, त्यांत काय होतं, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं. त्यातही स्टेरॉइडच होतं हो!

यावेळी जया कोसळायची वाट बघत बसली नाही. पहिल्या एसटीनं एकटी दवाखान्यात आली. मागोमाग चिमाबाई. मी त्यांना समजावलं, चिडून समजावलं, मग हात जोडून समजावलं. सगळं ऐकून त्या म्हणतात कशा, "ते समदं खरं. पन ही गोरी कवा व्हनार?"

माझं डोकं फिरलं. पण माझ्याआधी जया बोलली.

"आत्याबाई, मी काळी तर काळी. पर मला जगायचंय. गोळ्या द्या."

सुनेचा तसा आवाज चिमाबाईंनी कधी ऐकला नसावा.  त्यांनी कनवटीची गोळ्यांची पुडी काढून तिच्या हातात ठेवली, आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणलं.

जया आज इथे मागच्या रांगेत बसली आहे, शेजारी चिमाबाई आहेत. जेवताना भेटाल, तेव्हा 'काय उजळलीस गं' असं कृपा करून म्हणू नका. 'बरं वाटतं का' एवढं विचारा.

तुम्ही मला इतकी वर्षं आपल्या घरातलं मानलंत, तुमची मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी आवाज चढवायचा नसतो, तो चढला. अधिक-उणं बोलले असेन, तर ते पोटात घाला. धन्यवाद.