हेरंबचं घड्याळ

या, पुढे सरकून बसा. मंडळी, आज एकच विचारतो — दोष शोधायला निघालेला माणूस स्वतःचं दार सोडून सगळ्यांची दारं का ठोठावतो? ऐका तर!

एका जिल्ह्यात रुग्णवाहिका पाठवायचं केंद्र होतं. फोन आला, की जवळची गाडी कुठली ते संगणकाने सांगायचं. प्रोग्राम हेरंब पाटणकरचा, त्यातला नकाशाचा भाग रोहिणी उबाळेचा. उत्तराला दहा सेकंद लागायची. हेरंबला तेही जास्त वाटलं. म्हणून उशीर कुठे होतो ते कळावं, यासाठी त्याने प्रोग्रामच्या प्रत्येक बारीक पायरीवर वेळ नोंदवणारं घड्याळ बसवलं.

आणि झालं काय? दहा सेकंदांची झाली तीन मिनिटं! एक गृहस्थ गाडीची वाट बघत उंबऱ्यातच गेले हो. त्यांची बायको केंद्रात आली, एवढंच म्हणाली, "मी फोन लगेच केला होता."

हेरंबने घड्याळाच्या नोंदी काढल्या. सगळा वेळ नकाशात! रोहिणी हळूच म्हणाली, "सर, नकाशात लाखो बारीक पायऱ्या आहेत. प्रत्येकीला तुमचं घड्याळ वेळ लिहीत बसतंय. ते काढा. मधूनमधून नुसतं डोकावून बघू, त्या क्षणी कुठली पायरी चालू आहे."

"घड्याळावर कसला संशय घेतेस? आपलं काम नीट कर," हेरंब म्हणाला, आणि तिला कामावरून बाजूला केलं.

अहो, पंगतीत वाढप्याला सांगा — पोळी वाढलीस की वहीत वेळ लिही. पंगत उठेल का? हसताय? हेरंबला नाही कळलं.

पंधरा दिवस खपून त्याने नकाशा नव्याने लिहिला. उशीर तेवढाच. शेवटी हात टेकले, घड्याळ काढलं, रोहिणीचा जुना नकाशा परत लावला. उत्तर आलं दहा सेकंदांत.

तो रोहिणीकडे गेला. "चूक माझी होती," म्हणाला.

ती म्हणाली, "मला सांगून काय होणार, सर? त्या बाईंना सांगा."

गेला बिचारा. दार उघडलं. बाईंनीच विचारलं, "सापडलं का, कुणामुळे उशीर झाला?"

हेरंब म्हणाला, "माझ्यामुळे." त्यांनी दार लावून घेतलं.

मंडळी, घरी जाल. सुनेचे दोष मोजाल, भावाचे मोजाल, शेजाऱ्याचेही मोजाल. त्या मोजण्यापायी घरातलं कोण खोळंबलंय, तेवढं आज बघा. देवाचं नाव घ्या, आणि आधी ते बघा.