मारुतीची रुई

सिंगापुरात टॅम्पिनीसला बसच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

"आई, आज शनिवार. कुंडीतल्या रुईची पानं तोडलीत का हो माळेसाठी?"

"रुई लावलीय कशाला मग? मारुतीसाठीच ना?"

"पण तिच्यावर फुलपाखराच्या अळ्या आहेत. त्यांना दुसरा पाला चालत नाही, उपाशी मरतील!"

"बघितल्या मी. कुरतडलेलं पान माळेत चालत नाही."

"म्हणजे चांगली तेवढी तोडलीत?"

"एकही नाही. अख्खी कुंडीच उचलली, तसबिरीपुढे ठेवली आणि मारुतीला वाहिली."

"अळ्यांसकट?"

"अळ्यांसकट. आता त्या खातात तो प्रसाद. प्रसादाला बसलेल्यांना कुणी उठवतं का? चल, बस आली."