आयव्हीच्या वेळचा ताप

—नाही, उठू नकोस, पडून राहा. पेज आणलीय, नुसतं मीठ घातलंय. तुझा सुयोग कामावर निघताना खाली थांबला, म्हणाला, आयरीन आंटी, तेजलला ताप भरलाय आणि ती गोळी घेत नाही, तुम्ही सांगून बघा. म्हणून वर आले. हात दे. बघ, तव्यासारखी तापलीयस, आणि गोळी अजून पाकिटातच. पाचवा महिना ना तुझा? डॉक्टरीणबाई फोनवर काय म्हणाली — ही गोळी चालते, ताप अंगावर काढू नका, तो बाळाला बरा नाही. म्हणाली ना? मग? टीव्हीवर वेगळं सांगितलं?

माहितीय मला काय सांगितलं ते. गरोदर बाईने तापाची गोळी घेतली की मूल ऑटिझमवालं होतं — कुठे परदेशात कोणीतरी बोललं आणि इथे अख्ख्या मरोळच्या मोबाईलवर आलं. रविवारी जेवताना आमच्याकडे पण चालू होतं. चर्चेला आठ तोंडं बसवलेली. एक म्हणतो साथ आलीय, एक बाई म्हणते ही मुलं म्हणजे देवाची देणगी, तिसरा ओरडतोय की आयांनी आधीच काळजी घ्यायला पाहिजे. एक डॉक्टर होता कोपऱ्यात, तो बिचारा सांगत होता की गोळीमुळे होतं असं काही सिद्ध झालेलं नाही — पण त्याला बोलू देतंय कोण? आणि माझी आयव्ही बाजूला कान दाबून बसलेली, त्या ओरडण्याने. तिच्यासारख्यांवरच चर्चा, आणि तिलाच सहन होईना. मी टीव्ही बंद केला.

एक बोलू? तू त्या टीव्हीला नाही घाबरलीस, तू आयव्हीला घाबरलीस. रागावले नाही गं. जिना उतरताना आयव्ही दारात दिसली की तुझा हात पोटावर जातो, मी बघितलंय. पंधरा वर्षांची पोरगी — रस्ता खोदायचं मशीन सुरू झालं की भिंतीवर डोकं आपटते, भाताला डाळ लागली की ताट ढकलून देते, आल्यागेल्याचा हात हुंगते. तुला वाटतं, माझं पण असंच झालं तर? वाटणारच. मला तरी काय, झकास वाटत होतं? तीन वर्षांची झाली तरी हाकेला बघेना, तेव्हा मी तिच्यामागे थाळी वाजवायची, बहिरी आहे का बघायला. पण संध्याकाळी तिचा डॅडा वर्कशॉपमधून आला ना, की ती त्याचे तळवे नाकाला लावते, तेलाच्या वासाचे, आणि म्हणते, डॅडा. दिवसभरात कधीकधी तेवढंच बोलते. नोएल हात पण धुवत नाही तोवर. तसाच उभा राहतो.

आता म्हणजे — जाऊ दे. नाही, तसं काही नाही. आता माझ्याशी जरा कमी बोलतो, एवढंच. टीव्ही बंद केला ना मी रविवारी, तेव्हा त्याने ताटातून मान वर न करता विचारलं, आयरीन, आयव्हीच्या वेळी तुला ताप आला होता ना, तेव्हा काय घेतलं होतंस तू? मी म्हटलं, आठवत नाही. तो हं म्हणाला आणि जेवला. तेव्हापासून चहा स्वतःचा स्वतः करून घेतो. भांडत नाही. भांडला असता तर परवडलं असतं, मी पण चार शब्द सुनावले असते.

आठवतं गं. न आठवायला काय झालं? मलेरिया होता, सातवा महिना, दात वाजत होते माझे. बाहेर गल्लीत पाणी भरलेलं. तशा पाण्यातून गेला, तापाच्या गोळ्या शर्टाच्या आत धरून आणल्या, माझी मान उचलून धरली आणि स्वतःच्या हाताने दिल्या. कोण म्हणजे? नोएल. दुसरं कोण होतं घरात? विसरलाय तो. पुरुष विसरतात. नाहीतर मला विचारलंच नसतं ना त्याने. सांगितलं असतं तर काय झालं असतं, सांग — संध्याकाळी पोरगी तळवे हुंगायला आली असती आणि याने हात मागे घेतला असता. त्यापेक्षा माझ्यावर राहू दे संशय. मला सवय आहे, सासूने तर ग्रहणापासून पपईपर्यंत सगळं माझ्यावर घालून झालंय. तू हे खाली बोलू नकोस हां. सुयोगला पण नाही.

घेतलीस? शहाणी माझी. पाणी पी अजून, सगळं पी. तासाभरात घाम येईल बघ.

काय म्हणालीस? मी? मी नाही मानत. छे. आयव्हीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तुमचं काही चुकलेलं नाही, तिचा मेंदूच तसा घडलाय, उगाच कारणं शोधत बसू नका. गोळीबिळीने काही होत नाही. मी मानत असते तर तुला घे म्हणून सांगायला जिना चढून आले असते?

हं?

मग नोएलला का नाही सांगितलं, म्हणतेस.

दे तो पेला इकडे.

तू झोप आता. जास्त बोलू नये तापात. दार ओढून घेते मी.