रुमाल टाकलेली जागा

नाशिक रोडला इगतपुरीची बस भरत होती. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारबाबा खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या जागेवर त्यांचा रुमाल होता. कॉलेजची एक मुलगी तिथे येऊन थांबली.

"बाबा, इथं कोणी आहे का?"

"नाय गं, कोणी नाय. बस तू."

"रुमाल टाकलाय म्हणून विचारलं."

"मी नाय टाकला, हातानं टाकला. बायको मागून पिशव्या घेऊन यायची, मी आधी घुसून जागा धरायचो. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. डोक्याला ठावं हाय, हात ऐकत नाय."

"ऑक्टोपसचं असंच असतं, बाबा."

"कुणाचं?"

"समुद्रात असतो, आठ हातांचा. त्याची निम्म्याहून जास्त अक्कल हातांतच असते. हातच चाचपतात, चव घेतात, पकडतात. दर वेळी डोक्याला विचारत बसत नाहीत. आम्हाला झूलॉजीला आहे."

"आन् घरात कोण कोण त्याच्या?"

"कोणी नाही. एकटाच राहतो."

"मंग हात तुटला तर?"

"तुटलेला हातसुद्धा हलत राहतो. खायचं काही लागलं तर धरतो आणि तोंडाकडे न्यायला बघतो."

"तोंड तर तिथं नाय ना आता?"

"नाही. तरी नेतो."

"किती दिवस?"

"दिवस कुठले, बाबा! फार तर तासभर."

"तासभरच? सुटला बिचारा."