न रडणाऱ्या पोरांचं बक्षीस

मिठागरावर राबणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो, आणि पेठेतून आलेल्या बंधूंनो,

आपलं गाऱ्हाणं जुनंच आहे. स्वराज्य आलं, पण मिठागराच्या बांधावर बाईला आपलं पोर पाजायला जागा नाही आणि उसंतही नाही. हे गाऱ्हाणं मुकादमाच्या तोंडावर रोज मांडणारी आपली सुईण, आपली ठमाय, मंगळवारी गेली. म्हणून आज या शाळेच्या पटांगणात आपण बसलो आहोत.

मला बोलायची भीती कधी वाटली नाही. सभा कसलीही असो, बरोबर काय आणि चूक काय हे मला ठाऊक असायचं. आज ठाऊक नाही. तिच्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि माझीच वाट चुकल्यासारखं झालं आहे.

बाई, तुम्ही पाठीमागच्या. पोर रडतंय म्हणून उठू नका. बसा. ठमायच्या सभेत पोर रडलेलं चालतं. का चालतं, तेच सांगतो.

तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, याच पटांगणात मी तान्ह्या बाळांचं प्रदर्शन भरवलं होतं. मी तेव्हा बरंच वाचलं होतं. आईचं दूध प्यालेलं मूल शांत आणि समंजस निघतं, वरच्या दुधावरचं किरकिरं आणि हट्टी, असं मी गावोगाव सांगत होतो. अगदी छातीठोकपणे. त्या दिवशी सगळी पोरं रडत होती. एक रडत नव्हतं. हौशी, सहा महिन्यांची. आई बायजाबाई, अंगावर पाजणारी. मी हौशीला उचलून सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, हा आईच्या दुधाचा गुण. झबलं-टोपडं बक्षीस दिलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या.

ठमायने वाजवल्या नाहीत. ती पुढे आली, पोरीची पापणी वर करून पाहिली, आणि निघून गेली. मला वाटलं, म्हातारी जळते.

पुढच्या वर्षी पुन्हा प्रदर्शन भरवलं. पटांगण गच्च भरलं. आणि बंधूंनो, एकही पोर रडेना. मला काय आनंद झाला होता. मी भाषणाला उभा राहणार, तेवढ्यात ठमाय रांगेतून फिरू लागली. एकेका पोराची पापणी वर करत. माझ्यापाशी येऊन थांबली.

"मास्तर, ही पोरं शानी झाली नायत. निजवलेली हायत."

"म्हणजे?"

"बाळगोळी. अफूची. आया आगरावर जातात तवा देतात. तुमी मुक्या पोराला बक्षीस दिलंत, आता घरी असल्या तरी देतात."

मग मला कळलं. हौशीलाही गोळीच दिलेली होती. बायजाबाई समोर बसल्या आहेत. "मास्तर, माझं नाव घेऊन बोला," असं त्यांनीच मला सांगितलं. मुकादम त्यांना म्हणाला होता, "पोर आणशील तर टोपली ठेव आणि घरी जा." पोर घरी, आई आगरावर, अंग दुधाने दाटलेलं, आणि मधे ती गोळी. दोष त्या बाईचा? की तिला बक्षीस देणाऱ्या माझा?

आता माझा गोंधळ ऐका. हौशी माझ्याच शाळेत आहे. तासभर एका जागी भिंतीकडे बघत बसते, आणि मग कोणी हात लावला की चावते. मी म्हटलं, गोळीचा परिणाम. पण तिचा धाकटा भाऊ, आई तीच, दूध तेच, गोळी तीच, आणि सगळ्या वर्गाला हसवतो. बरं, नेरे गावचा एक मुलगा आहे. जन्मताच आई गेली. बापाने शेळीचं दूध चमच्याने पाजून वाढवला. माझ्या पुस्तकाप्रमाणे तो हट्टी निघायला हवा. तो भांडणं सोडवतो. मग कशाने काय होतं? दुधाने? गोळीने? पाजणाऱ्या हाताने? मी जे इतकी वर्षं ओरडून सांगितलं, त्यातलं खरं किती?

ठमाय अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला हेच विचारायला गेलो. म्हटलं, "ठमाय, तू एवढी पोरं हातांवर झेललीस. हौशीचं काय चुकलं, सांग."

ती म्हणाली, "तुमी एवढं वाचलंत, तुमाला नाय ठावं, तं मना कुठनं ठावं?"

"तुला काहीतरी वाटत असेलच."

"पोर भुकेनं रडलं, तं त्याला कोन उचलतं, एवढंच मी बघते. मुक्या पोराला कोन उचलत नाय, मास्तर."

मग माझ्याकडे बघून हसली. "उघाडीपाशी सावली बांधा, आसं मी बोलले, त्याला चार पावसाळे झाले. तुमी दर येळी भाषन दिलंत. तुमचं भाषन सरलं का, दोन वासे द्या."

खाडीचं पाणी आगरात घ्यायच्या त्या दारापाशी पोरं पाजायला सावली, हे मी तेव्हाही हसण्यावारी नेलं. घरी आलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

तर लोकहो, मला उत्तर सापडलेलं नाही. तिच्याकडेही नव्हतं, ती ते कबूल करायची, मी करत नव्हतो. पण उत्तर सापडेपर्यंत पोरांनी गोळीवर निजायचं का?

शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहतात. मी तुम्हाला तसं उभं करणार नाही. या पटांगणात एकदा फार शांतता झाली होती, ती पुरे.

उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, बांधावरच्या उघाडीपाशी या. घरटी एक झाप घेऊन या, नारळाचा विणलेला. मुकादमाशी मी बोलेन. बोलणं तेवढं मला येतं. आणि दोन वासे माझ्या खांद्यावर असतील. तिथे सावली बांधू, आणि पहिलं पोर तिथे पाजून झाल्याशिवाय कोणी टोपली उचलायची नाही.