हवालदारांची दुसरी भाकरी

मंडळी,

या लिंबाखाली, हवालदारांच्याच अंगणात, हवालदार नसताना उभं राहून बोलायचं म्हणजे अवघड आहे. त्यातून माझ्याआधी दोन भाषणं झाली. ती ऐकून मला रडू कमी आणि राग जास्त आलाय. सांभाळून घ्या. माझी जीभ कशी आहे हे उभ्या कळंबला ठाऊक आहे.

उंबऱ्याच्या आत हवालदारांच्या मागं राहिलेल्या वहिनी बसल्यात. परवापासून त्यांनी घास घेतलेला नाही. मला बोलायचंय ते तेवढ्यासाठी.

सकाळी आपण राख सावडून आलो. हमीदभाईंनी सतरंज्या आणून दिल्या, सभा भरली. वकीलसाहेब म्हणाले, हवालदार म्हणजे तर्काचे पुरुष, भावनेला त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. मग आबा उठले. हवालदारांचे चुलतभाऊ, भावकीतले वडील. डोळे पुसत म्हणाले, हवालदार म्हणजे नुसतं काळीज, तर्काशी त्यांचा संबंधच नव्हता. दोघांच्याही बोलण्यावर माना हलल्या. त्याच माना, दोन्ही वेळा.

मला एक सांगा. हा माणूस जिवंत असताना याच दोघांनी त्याला काय नाव ठेवलं होतं? दगड. जपानचा दगड.

बदलून आलेल्या नव्या मास्तरांसाठी सांगतो. मोठी लढाई संपल्यावर हवालदारांची पलटण जपानात होती. तिथं एका देवळात म्हातारा साधू होता. त्याची भाषा यांना येईना, यांची त्याला. त्यानं यांच्या हातात झाडू दिला. अंगण झाडायचं, मग भिंतीकडं तोंड करून गप बसायचं. त्याला तिथं झेन म्हणतात. एवढीच विद्या घेऊन हवालदार घरी आले, पिठाची गिरणी टाकली, आणि रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी गिरणीतल्या भिंतीपुढं बसायला लागले. आपण डबे घेऊन दारात. कुणीतरी खवचटपणानं विचारायचं, भिंत आज काय म्हणती? हवालदार उठायचे आणि विचारायचे, ज्वारी आणलीय का बाजरी?

वकीलसाहेबांनी एकदा त्यांना गिरणीतच गाठलं. तर्क मोठा की भावना, सांगाच म्हणाले. हवालदारांनी डब्यात हात घातला.

"ज्वारीत खडं हायती, साहेब. निवडून आणा."

वकीलसाहेब वादात आपण जिंकलो म्हणून गावभर सांगत फिरले. ज्वारी निवडली की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता शेवंताचं. हवालदारांची एकुलती लेक, तापानं गेली. स्मशानातून आपण याच अंगणात येऊन बसलो होतो. चूल बंद, म्हणून रिवाजाप्रमाणं आबांच्या घरून भाकरी-पिठल्याची पाटी आली. कडू घास. लिंबाचा पाला दाताखाली धरायचा, घास तोंडाला लावायचा आणि ताट सारायचं. ताट सारणं महत्त्वाचं. जो लवकर सारेल त्याचं दुःख मोठं. निजाम गेला, हैदराबाद गेलं, आपण मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. दुःख मोजायचं हे माप तेवढं कुठल्याच राज्यात बदललं नाही.

हवालदारांनी पाला चावला. मग भाकरी खाल्ली. सगळी. आणि सावकाश म्हणाले, "आबा, आजून एक वाढा."

आबा, तुमचं तोंड मी बघत होतो. दिवस मावळायच्या आत ती दुसरी भाकरी यस्टी स्टँडपासून आडत बाजारापर्यंत पोचली. पोरीची राख गार झाली न्हाय आन् बाप दोन भाकरी हाणतोय. काळीज जपानात इसरून आला. हे बोलणाऱ्यांनी त्या रात्री घरी जी भाकरी खाल्ली, तिचं पीठ कुणाच्या गिरणीतलं होतं?

सगळ्यांनी हवालदारांचं ताट पाहिलं. वहिनींचं कुणी पाहिलं? पोरीला ताप चढल्यापासून त्या माउलीच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. आणि आपल्याकडं गडी जेवल्याशिवाय बाई घासाला शिवत नाही. गड्यानं ताट सारलं की तिचं ताट आपोआप सरतं. वकीलसाहेब, यात अवघड तर्क काय होता? आबा, तुमचं काळीज त्या वेळी कुठं विसरलं होतं?

हवालदारांनी हात धुतला. मग वहिनींनी खाल्लं. अर्धी भाकरी खाल्ली.

मी गिरणीच्या मागं गेलो. हवालदार बाभळीला हात टेकून ओकत होते. दोन्ही भाकरी बाहेर. मी पाठीवर हात ठेवला. वेड्यासारखं विचारलं, एवढी भूक लागली होती का?

ते तोंड पुसून म्हणाले, "मला न्हाय. तिला लागली हुती."

मग म्हणाले, तिला सांगू नका, पुन्यांदा माझ्या खाण्यावर इस्वास ठिवायची न्हाय. मी सांगितलं नाही. तुम्ही दगड म्हणत राहिलात, ते दळण दळत राहिले.

काल वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, इतकी वर्सं संसार केला, पण पोरीचं त्यान्ला दुख झालं का न्हाय, ते काय मला कळलं न्हाय. वहिनी, कळलं आता? म्हणून आज हवालदारांचा शब्द मोडला.

आजही कडू घासाची पाटी आत गेली, ती तशीच परत आलीय. बायका समजावून थकल्या. वहिनी एकच विचारतात, "मी आता कुणाच्या मागनं जेवू?"

आहे का उत्तर, वकीलसाहेब? आबा, रडून मिळेल?

अशा सभेत शेवटी उभं राहून शांतता पाळतात. तुम्ही पाळा. मी बसणार आहे, उंबऱ्याकडं तोंड करून. हा लिंबाचा पाला. ही परत आलेल्या पाटीतली भाकरी. भूक मला नाही.

हवालदार, रामराम.

वहिनी, मला धाकटा दीर समजा. मी खातो, हात धुतो, मग तुम्ही घ्या. तोवर कुणी बोलायचं नाही.

आबा, दुसरी भाकरी हाताशी ठेवा.