नावात गांधी आहे म्हणून

...अन् तुमाले सांगतो, चूक माही नाही, नावाची आहे! गांधीबागेत माहं कापडाचं दुकान, दुकानाच्या पाटीमागं पोळं, अन् पोळ्यात कोण, तं गांधीलमाशी. म्हटलं, मारून मारून कितीक मारंल? एका गालावर डसली तं दुसरा पुढं करू... नावात गांधी आहे म्हणून फसलो, बावा!

पण मी पोळ्यापाशी मराले गेलो काहून? माही नात दामिनी कॉलेजात किड्यांचं शिकते. कोणाले काय डसलं, किती दुखलं, एक ते चारात नंबर विचारते अन् वहीत लिहिते. म्हणते, माशीचं विष म्हणजे थाप असते, आबाजी. अंगाले सांगते आग लागली, अन् जळत तं काहीच नाही. म्हणजे माशी माह्याच पार्टीची!

मीही मारली होती ना थाप... लाल मुंगीले चार नंबर सांगून फरशीवर लोळलो. खोटा नंबर पाहून कॉलेजातली मॅडम तिच्यावर खवळली, अन् पोरीनं माहं नावच खोडलं. आता शेजारचा ईश्वरदास बी वहीत आहे, मधमाशी, दोन नंबर, अन् मीच नाही? गांधीलमाशीचा रकाना रिकामा होता. घेतला कापड मोजाचा लोखंडी गज, अन् हाणला पोळ्यात!

अरे बाप... कानात एक, पापणीवर एक, नाकात तं आतून! मधमाशी बिचारी एकदा डसते अन् मरते; हिचा काटा अडकतच नाही, शिलाई मशीनवानी चालते, टकटकटकटक! बोंबलाले तोंड उघडलं तं एक जिभेवर. ईश्वरदास धावला, गज उचलला, अन् माशा सोडून मलेच हाणून राहिला! पाठ, टाळकं, ढुंगण... वीस वर्षांच्या चेष्टा वसूल केल्या त्यानं. गिऱ्हाईकं हासून राहिले, म्हणे चंपतराव नाटक करून राहिले गा. नावात गांधी आहे म्हणून फसलो...

दामिनी वही घेऊन धावत आली. "आबाजी, एकदा खरं सांगा. किती?"

जिंदगीत पयल्यांदा खरं सांगाले तोंड उघडलं, तं जिभेचं झालं होतं भजं. चारातला र काही निंगेना. "चा... चा..."

ईश्वरदास म्हणे, "पाह्य वं पोरी, मरून राहिला तरी याले चा पाह्यजे."

चा मागते म्हणजे दुखत नाही. पोरीनं लिहिलं, शून्य.

चा आला, उकळता. आता मागितलाच होता... प्यालो.